दीडशे अंशांचा कोन

वर्गात सगळे मान खाली घालून उतरवून घेत असताना व्हर्निटा गॅडिस एकदम मोठ्यानं हसली. हसू येतंय हे तिला आधी कळलंच नाही. शिंक यावी तसं ते आलं आणि बाहेर पडल्यावरच तिनं तोंडावर हात धरला. फळ्यावर एक वर्तुळ होतं. वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत एक तिरपी रेघ, तिच्या टोकापासून खाली सोडलेली एक उभी रेघ, आणि शेजारी मिस्टर झालार यांनी नुकतंच लिहिलेलं सूत्र : साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर एक. हे सूत्र तिला पाठ होतं. दातांच्या दवाखान्यात फोन घेता घेता, पेशंटला पुढची तारीख देता देता, आठवडाभर ते तिनं मनातल्या मनात घोकलं होतं. आणि आता, काहीही कारण नसताना, तिला ते दिसलं. वर्तुळाच्या पोटात एक साधा काटकोन त्रिकोण उभा होता. उभी बाजू साइन, आडवी बाजू कोसाइन, आणि तिरपी बाजू म्हणजे वर्तुळाची त्रिज्या, ती एक. म्हणजे शाळेतलं तेच जुनं, दोन बाजूंचे वर्ग मिळवले की कर्णाचा वर्ग. एवढंच. एवढंच होतं ते, आणि इतके दिवस ती ते देवाच्या आज्ञेसारखं पाठ करत होती. पोरं वळून बघायला लागली. मिस्टर झालार यांनी आधी हळूच आपल्या पॅंटच्या चेनकडे पाहिलं. ते शहरातल्या तीन कॉलेजांत तासिकांवर शिकवत, दुपारचं सॅंडविच गाडीत बसून खात, आणि त्यांच्या तासाला कुणी हसल्याची त्यांना सवय नव्हती.

त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, सॉरी, असं ती म्हणाली, आणि मग तिला राहवेना.

"ते एकच येणार," ती म्हणाली.

"हो. एकच येतं."

"नाही, म्हणजे दुसरं काही येऊच शकत नाही. तो त्रिकोणच आहे ना आत. तो बिंदू वर्तुळावर कुठंही नेऊन ठेवा, तिरपी बाजू एकच राहणार. मग वर्गांची बेरीज दुसरी कुठून येईल?"

मिस्टर झालार यांनी मार्करला टोपण लावलं आणि फळ्याकडे असं पाहिलं की जणू ते वर्तुळ दुसऱ्याच कुणी काढून ठेवलं असावं. "खरं तर हसण्यासारखीच गोष्ट आहे ही," ते म्हणाले. "मी कित्येक वर्षं शिकवतोय, मिसेस गॅडिस. कुणी हसत नाही." आणि ते फळा पुसायला लागले. त्यांचे कान लाल झालेले तिला मागून दिसले.

बाहेर शहराला लागून असलेल्या मोठ्या तळ्यावरून येणारा वारा कापत होता. मार्च अर्धा उलटून गेला तरी क्लीव्हलॅंडमध्ये रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग तसेच पडून होते. व्हर्निटानं कोटाची बटणं लावली नाहीत. तिला उकडत होतं. सेहेचाळीस वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, दोन मुलं मोठी करून घराबाहेर लावून दिलेल्या बाईला छातीत असं धडधडावं याची तिला गंमतही वाटत होती आणि थोडी भीतीही. बस येऊन समोर थांबली तेव्हा ती चाकाकडे बघत राहिली. चाकाच्या कडेला चिखलाचा एक ठिपका होता. बस हलली असती तर तो वर गेला असता, पुढे गेला असता, खाली आला असता. वर किती, बाजूला किती. ड्रायव्हरनं दार उघडं धरून तिला चढायचंय का विचारलं तेव्हा ती भानावर आली. बस युक्लिड ॲव्हेन्यूवरून निघाली. या रस्त्याच्या आजूबाजूला तिचा सगळा जन्म गेला. शाळा, चर्च, लग्न, दवाखाना, सगळं याच रस्त्यावरून ये-जा करत. युक्लिड हे भूमिती लिहून ठेवणाऱ्या एका जुन्या ग्रीक माणसाचं नाव आहे हे तिला जानेवारीत मिस्टर झालार यांच्याकडून कळलं. तिला आजवर वाटायचं, असेल कुणी जुना मेयर.

खरी गोष्ट अशी होती की हा अभ्यासक्रम तिला लागत नव्हता. एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं म्हणून ती कॉलेजात शिरली होती, आणि त्याला लागणारं गणित तिनं गेल्याच सत्रात पुरं केलं होतं. त्रिकोणमिती तिनं आपण होऊन घेतली. नाव नोंदवणाऱ्या बाईनं सांगून पाहिलं, अहो, तुम्हाला याची गरज नाही. व्हर्निटा म्हणाली, माहीत आहे. बाकी कुणाला तिनं हे सांगितलं नाही. नवऱ्याला वाटे, लागत असेल म्हणून घेतलं. आईला आणि बहिणीला तर तिनं सरळ खोटंच सांगितलं होतं, की शुक्रवारी दुपारी ती दवाखान्याच्या कामासाठी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. आयुष्यात तिनं चोरून म्हणावं असं फारसं काही केलं नव्हतं. आता दर शुक्रवारी दवाखाना अर्ध्या दिवसानं बंद झाला की ती बाथरूमच्या आरशात बघून लिपस्टिक लावी आणि त्रिकोणमितीला जाई.

तिनं नवऱ्याला, क्लिफ्टनला, फोन लावला. तो पालिकेच्या गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त करत असे. मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते. तिनं भराभर सगळं सांगितलं, वर्तुळ, त्रिकोण, एकशिवाय दुसरं काही येऊच शकत नाही. तो नीट ऐकत होता. तो नेहमीच नीट ऐकायचा. मग म्हणाला की हे फार छान झालं, म्हणजे आता तू पास होणार बघ, आणि येताना दूध आण. त्याच्यावर राग यावा असं त्यात काही नव्हतं. पण फोन पर्समध्ये ठेवल्यावर तिला कुणी बोलता बोलता खोलीतून उठून गेल्यासारखं वाटलं. आतली धडधड तशीच होती. ती कुणाच्या तरी हातात ठेवायला हवी होती, आणि ज्याच्या हातात ठेवावी त्याला तिचं वजन कळायला हवं होतं. असं माणूस जगात एकच होतं हे तिला बसमध्ये चढण्याच्या आधीपासूनच माहीत होतं. ते नाव ती मनातून बाजूला सारत होती इतकंच.

जोसलिन, तिची बहीण, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. दोघी लहान होत्या तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर आई त्यांची ओळख करून द्यायची : ही माझी जोसी, हिच्याकडे डोकं आहे, आणि ही व्हर्नी, हिच्याकडे मन आहे. बायका आधी जोसीच्या डोक्यावर हात ठेवत आणि मग व्हर्निटाचा गालगुच्चा घेत. व्हर्निटाला त्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही. घरात एक डोकं आहे याचा तिला आधार वाटे. डोक्यावर छप्पर असावं तसा. जोसीला पाढे येत, राज्यांच्या राजधान्या येत, आणि गणिताच्या बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर येई. दोन वर्षांनी त्याच बाईंसमोर व्हर्निटा बसली. तिला उत्तरं येत नसत, प्रश्न येत. उणे गुणिले उणे अधिक का? वर्ग हसे. बाई म्हणत, तुझ्या बहिणीनं मला असलं कधी विचारलं नाही. तेही खरंच होतं. हळूहळू व्हर्निटानं विचारणं सोडलं आणि मग गणितच सोडलं, आणि ते सोडल्याचं दुःख कुणाला झालं नाही, तिलाही नाही. जोसी पुढे शिष्यवृत्ती घेऊन दूरच्या मोठ्या विद्यापीठात इंजिनिअर व्हायला गेली. चर्चनं तिला सूटकेस घेऊन दिली. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात ती त्याच सूटकेससह परत आली. तिथली माणसं बरी नाहीत, एवढंच म्हणाली. आईनं तिला सूप करून दिलं. कुणी काही विचारलं नाही, आणि एकदा विचारलं नाही म्हटल्यावर ते पुढेही कधी विचारता आलं नाही. ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत लागली, आईबरोबरच राहिली, आणि त्या घरात पुन्हा कधी कुणी गणिताचं नाव काढलं नाही. फक्त आई अजून नव्या माणसाला सांगे, माझ्या थोरलीकडे डोकं आहे.

म्हणूनच तर कॉम्प्युटरचा क्लास. व्हर्निटाला वाटे, त्या घरात एक खोली आहे, तिचं दार जोसीनं स्वतः ओढून घेतलंय, आणि आपण मागच्या खिडकीतून त्या खोलीत शिरलोय. शिरलोय ते शिरलोय, वर तिथं आपल्याला मजा येतेय. मजा येणं हे तिला सर्वांत लाजिरवाणं वाटे. तिचा स्टॉप आला. तिनं उठायला म्हणून दांडा धरला, आणि दार उघडून पुन्हा बंद झालं तरी ती दांडा धरून तशीच उभी राहिली. नुसतं सांगून येते, ती स्वतःशी म्हणाली. सांगायचं आणि निघायचं. बस पुढे गेली. मोठ्या दवाखान्यांच्या काचेच्या इमारती गेल्या, तिनं दुसरी बस धरली, विटांची दुमजली घरं सुरू झाली. जोसीनं थंडपणे बघितलं तर? जोसीचं ते बघणं तिला माहीत होतं. भुवया न हलवता, जणू समोरच्याच्या कपड्यावर डाग आहे. किंवा त्याहून वाईट : जोसी हसली आणि म्हणाली, एवढंच ना, हे तर मला पंधराव्या वर्षी कळलं होतं. म्हणू दे. कळलं असेलच तिला. मग निदान दोघींना कळलेलं होईल. या विचारानं ती इतकी खूश झाली की आईच्या घराच्या पायऱ्या तिनं गुडघ्याची आठवण न ठेवता चढल्या.

आत मासे तळल्याचा वास होता. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कोबी चिरत होती. तिला अलीकडे कमी ऐकू येई, म्हणून रेडिओ मोठा लावलेला. जोसलिन जेवणाच्या टेबलाशी बसून आईच्या आठवडाभराच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती. कचेरीतले कपडे तसेच अंगावर, चष्मा नाकावर घसरलेला. तिनं वर न बघता विचारलं की आज इकडे कुठं, आणि व्हर्निटानं कोट न काढताच सांगून टाकलं.

"मी कॉम्प्युटरच्या क्लासला जात नाही, जोसी."

"ते मला माहीत आहे," जोसलिन म्हणाली. "कोण आहे तो?"

"कोण कोण आहे?"

"शुक्रवारी लिपस्टिक लावून जातेस. रविवारी चर्चमध्ये स्वतःशीच हसत बसतेस. मला डोळे आहेत, व्हर्नी. क्लिफ्टनला कळलंय का?"

व्हर्निटा मटकन खुर्चीवर बसली. त्रिकोणमिती, ती म्हणाली. जोसलिनच्या बोटांत एक पिवळी गोळी होती. ती तिनं बुधवारच्या खणात टाकली आणि डबीचं झाकण लावलं. मग तिनं विचारलं, कशाला. एक्स-रेसाठी लागते असं सांगता आलं असतं. ते तोंडात आलंही होतं.

"आवडते म्हणून," व्हर्निटा म्हणाली.

जोसलिननं डाग बघितल्यासारखं बघितलं नाही की ती हसलीही नाही. ती नुसती टेबलाकडे बघत राहिली, आणि त्या गप्पपणाला घाबरून व्हर्निटा बोलत सुटली. बाजाराची कागदी पिशवी पडली होती ती तिनं ओढली, बशी उपडी ठेवून वर्तुळ काढलं, तिरपी रेघ, उभी रेघ. तुला हे माहीतच आहे, असं ती दर वाक्यागणिक म्हणत होती. तुला माहीतच आहे, ही तिरपी बाजू एक. तुला माहीतच आहे, ही उंची म्हणजे साइन. मध्येच तिला कळलं की जोसलिन चष्मा वर सारून पिशवीकडे वाकली आहे आणि ती एकदाही 'हो' म्हणालेली नाही.

"दीडशे अंश," जोसलिन एकदम म्हणाली. आवाज खाली होता, रेडिओच्याही खाली. "दीडशे अंशांचा साइन काढायला सांगतात. काटकोन त्रिकोणात एक कोन नव्वदचा. मग दीडशेचा कोन त्यात बसतो कुठं?"

व्हर्निटाला वाटलं ही परीक्षा घेतेय. मग तिनं बहिणीचा चेहरा पाहिला आणि तिच्या ध्यानात आलं की ही परीक्षा नाही. हा प्रश्न होता. फार जुना, वापरलाच न गेलेला प्रश्न.

"बसत नाही," ती म्हणाली. "त्रिकोणात बसतच नाही तो. त्रिकोण सोडून दे. मीही तिथंच अडकले होते, मी सरांना तीनदा विचारलं. हा बिंदू बघ फक्त. तो चालतोय कडेकडेनं. नव्वदच्या पुढं गेला तर जाऊ दे की, त्याला कोण अडवतंय. तो जमिनीपासून किती वर आहे एवढंच साइन सांगतो." तिनं पेन्सिल वर्तुळावरून डावीकडे नेली. "हा दीडशेला आला. आता बघ, किती वर आहे?"

जोसलिननं बोट ठेवलं. मग दुसरं बोट उजव्या बाजूला, तीस अंशांवर ठेवलं. दोन्ही बोटं एका उंचीवर होती. मग तिनं जे सांगितलं ते तुटक तुटक, बोटं न उचलता सांगितलं. की शाळेत तिला सगळं पाठ होतं. एकदा वाचलं की राहायचं, त्याला ती काय करणार. लोक म्हणायचे डोकं आहे, तिलाही वाटायचं हेच डोकं असावं. तिकडे गेल्यावर सगळं एकदम नव्वदच्या पुढं गेलं. बाकीचे हात वर करायचे, हे कळलं नाही म्हणायचे, खुशाल. तिला ते जमेना. ती कोण, तर आपल्या चर्चनं सूटकेस घेऊन दिलेली मुलगी; तिनं कसं विचारायचं? "तिथली माणसं बरी होती, व्हर्नी," ती म्हणाली. "एका सरांनी तर मला बोलावून विचारलं होतं, काही अडतंय का. मी म्हटलं, नाही."

बसमध्ये व्हर्निटानं नाना तऱ्हा रंगवल्या होत्या, ही त्यांत नव्हती. एवढ्या वर्षांचं छप्पर नव्हतंच की काय, आणि त्याखाली आपण कोरड्या कशा राहिलो, असं काहीतरी तिच्या मनात भराभर फिरलं. तिला क्षणभर वाटलं, पिशवी चुरगाळून टाकावी, कोटाची बटणं लावून निघून जावं, दूध घ्यावं. बहिणीच्या हातावर हात ठेवावा असंही वाटलं. मन तिच्याकडे होतं ना. पण धडधड थांबायला तयार नव्हती. उलट वाढत होती. तिला जोसीची कीव येत नव्हती. तिला जोसीला पुढचं दाखवायचं होतं. पुढे इतकं काही होतं.

तेवढ्यात रेडिओ बंद झाला. आई हात पुसत दारात उभी होती. धाकटी कोटासकट बसलेली, थोरली कागदावर ओणवी, मध्ये बशी. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत तिनं असं काही पाहिलं नव्हतं.

"गणित का गं?" ती म्हणाली. "दाखव, जोसी, दाखव तिला. लहानपणापासून तिला जरा सावकाश सांगावं लागतं."

"हो, आई," व्हर्निटा चटकन म्हणाली. विचार न करता, नेहमीसारखी. "जोसी समजावतेय मला. चाललंय आमचं."

पुढे काही बोलायची गरज नव्हती. आई समाधानानं वळलीच होती. जोसलिननं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही, आई," ती म्हणाली. आईला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाली. "मला येत नाही हे. ती मला शिकवतेय."

आई थांबली. तिनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. चर्चच्या पायऱ्यांवरचं ते वाक्य ती इतकी वर्षं सांगत आली होती. आता त्याचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं, ते तिच्या हातातल्या फडक्याच्या पिळावरून दिसत होतं. शेगडीवर तेलाचा तडतड आवाज होत होता.

"मग अशी वाकून काय बसलीस?" आई शेवटी जोसलिनला म्हणाली. "शिकवणाऱ्यासमोर ताठ बसावं." आणि ती मासे उलटायला आत गेली.

जोसलिन ताठ बसली. अठ्ठेचाळीस वर्षांची ती बाई, कचेरीच्या ब्लाउजची बाही वर सारून, खुर्ची पुढे ओढून बसली. दोघी एकमेकींकडे बघणं टाळत होत्या. मग जोसलिननं पिशवी आपल्याकडे फिरवली आणि दीडशेवरचं बोट हळूच पुढं सरकवलं. एकशे साठ, एकशे सत्तर. आडव्या रेघेशी येऊन ते थांबलं.

"इथं शून्य," ती म्हणाली.

"शून्य."

"आणि आता?"

व्हर्निटाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. आजवर गिळलेल्या गोष्टींत एवढं गोड दुसरं काही नव्हतं. "तू जा पुढं," ती म्हणाली. "जाऊन बघ."

बोट रेघ ओलांडून खाली उतरलं.